‘जुने आजार’ नावाचा रकाना

वर्ध्यात बस स्टँडसमोरच्या गाळ्यात बसून मी बारा वर्षं आरोग्य विमा विकतोय. पॉलिसी निघाली की फाइल कपाटात जाते. तिच्यासोबत आलेली माणसं मात्र डोक्यातच मुक्काम ठोकतात. चहाला कोणी भेटलं, की एकेक बाहेर येतं!

*

सिंदी मेघेचे दोघे भाऊ वडिलांना घेऊन आले. एक मास्तर, एक क्लार्क. फॉर्म भरताना विचारलं, "नॉमिनी कोण?"

दोघं एकदम, "माझं नाव लिहा!"

"आणि इमर्जन्सीत फोन कोणाला करायचा?"

दोघंही पंख्याकडे पाहायला लागले. म्हातारा हळूच म्हणाला, "माझाच नंबर लिवा जी. दुसरं कोणी उचलत नाई."

*

ऐंशीच्या रिटायर हेडमास्तरीणबाई. त्यांना परवडेल अशी एकच पॉलिसी होती. मी समजावलं, "मॅडम, गुडघ्यांच्या ऑपरेशनला तीन वर्षं थांबावं लागेल."

"गुडघे थांबतील हो. मी थांबेन का, ते विचारा कंपनीला!"

*

आमच्या एरिया मॅनेजरचं मीटिंगमध्ये एकच पालुपद. "म्हातारे आणू नका, तरणे आणा!"

एकदा त्याचाच फोन. आवाज पडलेला. "अरे, माझ्या वडिलांचं कुठं जमेल का? एक्याऐंशी चालू आहे."

मी म्हणालो, "सर, तरणे आणा!"

त्यानं फोन ठेवला. टोला मस्त बसला होता, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

*

रोहण्याचा एक बाप. पोरगी जन्मापासून चालत नाही. पॉलिसीआधीची तपासणी दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाप तिला पाठीवर घेऊन जिना चढला. आठ दिवसांनी कंपनीचं पत्र आलं : ‘अपंगत्व अद्याप कायम असल्याचा ताजा दाखला जोडावा.’

मी दोघांना वाचून दाखवलं. बाप म्हणाला, "ते जायची तारीख तुमच्या कंपनीले माहीत असन तर सांगा जी. गावजेवण घालतो!"

मी हसलो. पोरगी हसली नाही.

*

कमलबाई बहात्तरच्या, घरी एकट्या. मुलगा पुण्याला. त्यानं फॉर्मवर ‘जुने आजार : नाही’ असं ठोकून दिलं. मी म्हटलं, "खरं लिहा." तो म्हणाला, "आईला काही झालेलं नाही!"

मग कंपनीच्या डॉक्टरचा पडताळणीचा फोन आला. बाई माझ्याच टेबलाशी बसल्या होत्या. तो कोवळ्या आवाजात म्हणाला, "आजी, तब्येत कशी आहे?"

बाई चाळीस मिनिटं बोलल्या. शुगर, बीपी, डाव्या डोळ्यापुढचा अंधार. मालक गेल्यापासून उडालेली झोप. न्हाणीत पडल्या, ते मुलालासुद्धा सांगितलं नव्हतं, तेही!

अर्ज नामंजूर झाला. मुलगा पुण्याहून येऊन माझ्यासमोरच भडकला, "आई, सगळं काऊन सांगितलं त्याले?"

"त्यानं इचारलं ना बाप्पा."

तो तणतणत बाहेर गेला. बाई पिशवी सावरत उठल्या, दाराशी थांबल्या आणि मला म्हणाल्या,

"त्या डॉक्टरचा फोन पुन्हा कधी येईन जी?"