राजा कुणी नाचवला

थोरलीने विद्यापीठाच्या संग्रहाची ऑनलाइन मार्गदर्शिका उघडली ती सासऱ्यांच्या आठवणीने, असं ती सांगते. विश्वास ठेवायचा तर ठेवा. सासऱ्यांच्या बाहुल्यांच्या खेळाचे फोटो, पडदे, संहिता सगळं घरच्यांनी विद्यापीठाला देऊन टाकलं होतं, आणि कुठल्या खोक्यात काय आहे ते आता घरबसल्या दिसत होतं. सासऱ्यांचं नाव तिने उभ्या उभ्या पाहिलं. मग नीट बसून, चष्मा पुसून, शोधाच्या चौकटीत धाकट्या जावेचं नाव घातलं.

पान भरून नोंदी आल्या. धाकटी बाहुली नाचवताना, धाकटी राक्षसाचा आवाज काढताना, धाकटी टाळ्या घेताना. स्वतःचं नाव घातलं तर एकच ओळ: 'बाहुल्यांचे कपडे शिवणाऱ्या'. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. उभा जन्म त्या लाकडी राजांना अंगरखे शिवले हिने, आणि मिरवली कोण, तर सुईत दोरा ओवता न येणारी ती भवानी.

त्यातच एक फोटो दिसला. पडद्यामागे पाठमोरी बाई, हातात दोऱ्या, समोर कमरेत वाकलेला राजा. नाव धाकटीचं. थोरलीने फोटो मोठा केला. बाईच्या बाहीला ठिगळ होतं, राजाच्या अंगरख्यातून उरलेल्या बुट्टीदार कापडाचं. ते ठिगळ तिचंच, आणि बाहीही तिचीच. त्या दिवशी धाकटी तापाने फणफणली होती आणि खेळ रद्द करायचं सासऱ्यांच्या जिवावर आलं होतं, म्हणून राजा थोरलीने नाचवला. आयुष्यात एकदाच. तेवढंही धाकटीच्या नावावर गेलेलं तिला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी ती संग्रहपाल बाईंपुढे जाऊन बसली.

"तो राजा मी नाचवलाय. नाव बदला."

"बदलू की," बाई म्हणाल्या. "पण स्वतःबद्दल कुणी सांगितलं, तर दुजोरा द्यायला तिथे हजर असलेलं दुसरं माणूस लागतं. आहे कुणी?"

सासरे गेले, नवरा गेला, दीर गेला, पेटीवालाही गेला. पडद्याआड पांघरूण घेऊन कण्हत पडलेली ती एकटी उरली होती.

फोन लावताना थोरलीने भांडणाची जय्यत तयारी केली होती. धाकटी नाही म्हणणार, मग हिच्या तोंडाचा पट्टा सुटणार. पण धाकटीने पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"अहो जाऊबाई, तुम्हीच त्या. पांघरुणातून बघत होते मी. असा नाचवलात राजा, की माझा ताप तिथेच उतरला. नंतर कधी आजारी पडले का मी, सांगा? पडायची हिंमतच झाली नाही."

थोरलीचं भांडण तोंडातच राहिलं. म्हणजे हीसुद्धा जळत होती. तिला इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी ती दोनदा जेवली.

पुढच्या आठवड्यात नोंद बदलली. थोरलीने स्वतःचं नाव घातलं, फोटो आला. मनसोक्त पाहून झाला. मग राहवेना, म्हणून तिने धाकटीचं नाव घातलं.

सगळ्यात वर तोच फोटो. खाली लिहिलं होतं, 'ओळख पटवली', आणि पुढे धाकटीचं नाव.

"इथेही घुसलीच," थोरली म्हणाली, आणि तिला तसं सुनवायला धाकटीला फोन लावला.