डोंग्यातली पुढची फळी

डोंग्याच्या पुढच्या रिकाम्या फळीवर मी बसलो, ही माझी चूक.

पैनगंगेपलीकडच्या बाजाराला जायचं तर पूल लांब पडतो, म्हणून मी नेहमी याच नावाड्याकडे येतो. माणूस अबोल. कापसाची बोचकी, बकऱ्या, मोटारसायकल, सगळं तो डोंग्यात कोंबतो. पुढची फळी मात्र मोकळी ठेवतो. मधल्या धारेत आला की तिकडे बघून हळूच विचारतो, "बसली ना नीट?" मग जरा थांबतो आणि उत्तर ऐकल्यासारखी मान हलवतो.

त्या दिवशी गर्दी होती, माझे गुडघे दुखत होते आणि अक्कल घरी राहिली होती. मधल्या धारेत डोंगा थांबला. तो बांबू रेटत होता, पाणी वाहत होतं, पण डोंगा जागचा हलेना. मला पोहता येत नाही. माझ्याकडे न बघता, माझ्या खांद्यामागे बघत तो म्हणाला, "थांब वं, उठून राह्यला तो."

मी ताडकन उठलो. डोंगा सुटला. फळी कोरडी ठणठणीत होती आणि माझी पँट मागून ओलीचिंब.

टोपली घेऊन बसलेली म्हातारी माझ्यावर खेकसली, "त्याच्या बुडालेल्या बायकोच्या मांडीवर बसलते ना तुमी! लाज नाही वाटत, भाऊ?"