न मोजलेलं थांबणं

फ्राउके ल्युटमानला आयुष्यात फार काही नको होतं. तिला व्यवस्थापनाची पदवी हवी होती, तीही गावापासून बसने पाऊण तासावर असलेल्या विद्यापीठातूनच. यात कसलं मोठं स्वप्न, असं कोणीही म्हणेल. पुढे काय करायचं ते ज्याला सुचत नाही तो व्यवस्थापनाला जातो, असं जर्मनीत लोक चेष्टेने म्हणतात, आणि त्यात बरंच तथ्य आहे. पण न सुचणारेच जगात जास्त असल्यामुळे त्या दाराशी दरवर्षी झुंबड उडते, आणि झुंबड उडाली की गुणांची मर्यादा लागते. ती मर्यादा कोणी आधी ठरवत नाही. जागा भरत जातात, आणि शेवटी आत शिरलेल्याचे गुण हीच त्या वर्षीची मर्यादा. भांडायचं तर कोणाशी, तेही कळत नाही.

तिथल्या शाळेत एक म्हणजे उत्तम आणि चार म्हणजे काठावर पास. फ्राउकेला शेवटच्या परीक्षेत दोन पूर्णांक नऊ मिळाले. यादी दोन पूर्णांक दोनवर बंद झाली. मुलगी मठ्ठ नव्हती. परीक्षेच्याच वर्षी तिच्या आईचे, नाव गेझीने, पाय गेले. आधी काठी, मग चाकाची खुर्ची. वडील कधीच वेगळे राहायला निघून गेले होते. सकाळी आईला उठवायचं, आंघोळ घालायची, संध्याकाळी पुन्हा झोपवायचं, आणि मधल्या वेळात गणित. त्यातून दोन पूर्णांक नऊ आले हीच कमाल, असं मी तरी म्हणेन. पण अर्जावर गुणांचा रकाना असतो, कमालीचा नसतो.

दुसऱ्या शहरात मर्यादा सैल होती. तिथे जायचं तर आईला आजारी माणसं सांभाळणाऱ्या आश्रमात ठेवावं लागलं असतं. गेझीने स्वतःच म्हणाली होती, "ठेव मला. तिथे निदान कॉफी तरी गरम मिळेल." फ्राउकेने उठून तिची कॉफी पुन्हा गरम करून आणली.

एक वाट मात्र उरली होती. थोड्या जागा गुणांवर नाही, थांबण्यावर मिळतात. शाळा संपल्यापासून जितक्या सहामाही तुम्ही थांबलात, तितके रांगेत पुढे. सहा सहामाही थांबलं की बहुतेक नंबर लागायचा.

आणि इथे एवाल्डमामा मधे पडला.

एवाल्ड हा गेझीनेचा थोरला भाऊ. त्याच घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटाच राहायचा. आयुष्यभर गाद्यांच्या कारखान्यात हिशेब पाहून निवृत्त झालेला, इस्त्रीच्या शर्टाशिवाय कचरा टाकायलाही खाली न उतरणारा माणूस. भाचीवर त्याचा जीव होता, आणि प्रत्येक बाबतीत त्याच्याकडे सल्ला तयार असायचा. रविवारी दुपारी केक कापता कापता तो म्हणाला, "अगं, नुसती कशाला थांबतेस? जिथे काळं कुत्रं फिरकत नाही अशा विषयाला नाव घालून ठेव. बसचा पास मिळेल, विम्याचं निभेल, विद्यार्थी म्हणून कामही मिळेल. थांबायचंच आहे तर आत बसून थांब. मी तेच केलं होतं. दोन वर्षं वनस्पतिशास्त्रात नाव होतं माझं, आणि अजून मला एक झाड ओळखता येत नाही."

"ते दिसतंच," गेझीने म्हणाली. "परवा सूपात घालायला कसला पाला आणलास देव जाणे. मांजराने तोंड लावलं नाही."

"पण व्यवस्थापनाला नंबर लागला की नाही माझा?"

"लागला बाबा, लागला. तेव्हापासून ऐकतेच आहे."

फ्राउके हसली. मामाचं बोलणं तिला पटलं. पटण्यासारखंच होतं ते. तिने यादी काढून भारतविद्या निवडली. तिथे कोणी गुण विचारत नव्हतं. पहिल्या दोन तासांना ती गेलीही. प्राध्यापकांनी फळ्यावर 'अ' काढून दाखवला, तर पाच विद्यार्थ्यांच्या वह्यांत पाच तऱ्हेचा उतरला. ज्या अक्षरापायी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्यांनी धपाटे खाल्ले, ते फ्राउकेने हसत हसत काढलं आणि तिथेच सोडलं. पुढच्या तासाला ती फर्निचरच्या कारखान्यात खरेदी खात्यातल्या टेबलाशी बसलेली होती.

तिथे मात्र ती रमली. लाकूड कुठून स्वस्त येतं, कोणता व्यापारी उशीर करतो, कोणाला फोनवर गोड बोलावं आणि कोणाला दम द्यावा, हे तिला वर्षभरात कळलं. खातेप्रमुख ब्रिंकशुल्टे साहेब तसे घुमे, पण तिच्यावर खूश होते. तिसऱ्या वर्षी त्यांनी तिला बोलावून सांगितलं, "कारखाना दरवर्षी एकाला शिकवतो. अर्धा आठवडा विद्यापीठ, अर्धा आठवडा इथे, नंतर कायमची नोकरी. यंदा तुमचं नाव दिलंय मी. फक्त शरदात तिथे प्रवेश मिळायला हवा. नाहीतर वर्षअखेरीला तुमचा विद्यार्थ्यांचा करार संपतोय, आणि पुढे माझ्या हातात काही नाही."

प्रवेशाची तिला काळजीच नव्हती. सहा सहामाही पुऱ्या होत होत्या. उन्हाळ्यात तिने अर्ज भरला आणि आईला म्हणाली, "आता स्नानघराचं दार रुंद करून घेऊ. खुर्ची अडकते."

उत्तर आलं तेव्हा तिने ते उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं. प्रवेश नाही. थांबण्याचा काळ: शून्य.

दुसऱ्या दिवशी ती विद्यापीठाच्या कचेरीत वेसेनडॉर्फबाईंच्या समोर उभी होती. बाई पन्नाशीच्या, खिडकीत जिरेनियमची कुंडी ठेवणाऱ्या, बोलायला मवाळ.

"काहीतरी चुकलंय. मी तीन वर्षं थांबलेय."

बाईंनी पडद्यावर पाहिलं. "तीन वर्षं तुमचं नाव आमच्याचकडे आहे. भारतविद्या."

"ते नुसतं नाव. मी वर्गात जातच नाही."

"ते तुमचं तुम्ही बघा. पण नाव असेल तो काळ थांबण्यात धरत नाहीत. जो आत बसलाय तो बाहेर थांबला होता, असं कसं म्हणू मी?"

"माझ्या मामाने असंच केलं होतं! त्याचा नंबर लागला."

"किती वर्षांपूर्वी?"

फ्राउके बोटांवर वर्षं मोजू लागली.

"तेव्हा चालायचं," बाई हळूच म्हणाल्या. "माझ्या थोरल्या बहिणीनेही केलेलं. मग सगळेच करायला लागले, म्हणून बंद झालं. तुम्ही जन्मलाही नव्हता तेव्हा. हे बघा, अजूनही नाव काढून घेतलंत तर आजपासून मोजायला लागेल."

म्हणजे आणखी तीन वर्षं. आणि नाव काढलं की विद्यार्थीपण गेलं, विद्यार्थीपणाबरोबर करार गेला. नाव ठेवलं तर थांबणं सुरूच होत नाही. इकडे आड, तिकडे विहीर. फ्राउकेला तिथेच ओरडावंसं वाटलं. ओरडली मात्र नाही, कुंडीकडे बघत राहिली. बाईंनाच राहवलं नाही. त्या म्हणाल्या, "काहीजण जागा घेऊन येतच नाहीत. उरलेल्या जागांची ऑक्टोबरात सोडत निघते. तिथे ना गुण, ना थांबणं. चिठ्ठी निघाली की आत. तुम्ही कॉम्प्युटरवरून अर्ज करा. एका माणसाचा एकच अर्ज, हे लक्षात ठेवा."

मामा गावाबाहेर भाड्याने घेतलेल्या आपल्या बागेच्या तुकड्यात गूसबेरीच्या झुडपांना आधार बांधत होता. तिने फाटकातूनच सुरुवात केली. काय काय बोलली ते तिचं तिलाही आठवत नाही. तुझं ऐकलं, सगळी तरुण वर्षं त्या टेबलाशी नुसती बसून घालवली, जुन्या काळच्या गोष्टी सांगत फिरतोस, एकदा तरी कुठे विचारून यायचं होतंस. मामाच्या हातातली सुतळी तशीच राहिली.

"असं कसं?" तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "माझं तर मोजलं होतं. माझं मोजलं होतं गं."

दुसऱ्या दिवशी त्याने कोट घातला, टाय बांधला आणि कोणाला न सांगता कचेरीत जाऊन आला. संध्याकाळी गेझीनेच्या स्वयंपाकघरात खुर्चीच्या कडेला बसून सांगितलं, "मी त्या बाईंना म्हटलं, चूक माझी आहे, जे काय कापायचं ते माझ्याकडून कापा. त्या म्हणाल्या, आजोबा, तुमच्याकडून काय कापू?"

"मला सायकल शिकवताना माझा दात पाडलास, तेव्हाही असाच बसला होतास," गेझीने म्हणाली. पण बहिणीने त्याच्यापुढे सूपाची वाटी सरकवली, आणि फ्राउकेचाही राग अर्धा उतरला. राग तरी किती दिवस धरणार? वाईट हेतू असता तर सोपं होतं. प्रेमाने केलेलं नुकसान माणसाला धड शिव्याही देऊ देत नाही.

उरली ती सोडत. ब्रिंकशुल्टे साहेबांनी ऑक्टोबर संपेपर्यंत जागा धरून ठेवायचं कबूल केलं. फ्राउकेने अर्ज भरला, दोनदा तपासला आणि पाठवून दिला. तिच्या घरात कोणी फारसं चर्चला जाणारं नव्हतं, पण त्या महिन्यात ती बसमधून उतरल्यावर वळसा घालून जायची आणि मागच्या बाकावर पाच मिनिटं बसायची. काय मागायचं ते शब्दांत मागायची तिला लाज वाटे. घरी आश्रमाचं माहितीपत्रक गेझीनेने फ्रिजवर लावून ठेवलं होतं. फ्राउके ते रोज काढून टाकायची, आणि कामावरून येईपर्यंत ते पुन्हा लागलेलं असायचं. शेजारीण मदत करत असावी.

उत्तर आलं ते अशा भाषेत: आपला अर्ज सोडतीत धरण्यात आला नाही. कारण, एकाच नावाने दोन अर्ज.

तिने कारखान्याच्या जिन्यात उभं राहून वेसेनडॉर्फबाईंना फोन लावला. "मी एकच केला! बघा ना नीट, एकच केला मी!"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "एक कॉम्प्युटरवरचा आहे. दुसरा पोस्टकार्डावर आलाय. नाव, जन्मतारीख, पत्ता, सगळं तुमचंच."

"पोस्टकार्ड? आजकाल पोस्टकार्ड कोण पाठवतं?"

पलीकडे पुन्हा कागद सरकला. "निळी शाई आहे. अक्षर फार सुंदर, जुन्या वळणाचं. खाली एक ओळ लिहिलीय. वाचू?"

"वाचा."

"'कृपया हिला घ्या. मुलगी कष्टाळू आहे.'"

फ्राउके जिन्याच्या पायरीवर बसली.

"हॅलो? तुम्ही आहात ना?" बाई विचारत होत्या. "मला आधी दिसलं असतं तर मी काहीतरी केलं असतं हो. पण सोडत काल झाली. जागा भरल्या."

त्या दिवशी ती काम सोडून लवकर घरी आली. वाटेत चर्चपाशी तिने मानसुद्धा वळवली नाही. ठरवून टाकलं होतं तिने, या वेळी गय करायची नाही. एकदा बुडवलं ते अज्ञानाने, दुसऱ्यांदा कशाने? कोणी विचारलं होतं त्याला? जिना ती दोन दोन पायऱ्या गाळत चढली.

दार उघडंच होतं. मामा खिडकीपाशी बसला होता, इस्त्रीच्या शर्टात, दुपारपासून बसची वाट बघत असावा. तिला पाहून तो धडपडत उठला.

"आलं का उत्तर?"

"आलं."

"मग?"

तिने तोंड उघडलं. मामाचा गळा शर्टाच्या कॉलरमध्ये केवढा बारीक झाला होता, हे तिला या उन्हाळ्यात दिसलंच नव्हतं.

"चिठ्ठी निघाली नाही, मामा."

तो मटकन खाली बसला. मग चोरी कबूल करावी तसा म्हणाला, "दोन्हींतली एकही नाही? मी पण एक टाकली होती गं, तुझ्या नावाची. तुला सांगितलं नाही. म्हटलं एकीपेक्षा दोन बऱ्या."

"दोन्हींतली एकही नाही."

तिने इथेच थांबायचं ठरवलं होतं. एवढं खोटं नव्हतं, आणि एवढ्यावर म्हातारा तरून गेला असता. पण त्याचे डोळे हळूहळू पुन्हा उजळले. तो टेबलाची कड धरून उठला आणि खण उघडून कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा काढू लागला. "हरकत नाही. वसंतात पुन्हा सोडत असते, मी त्या बाईंना विचारून घेतलंय. या खेपेला दहा टाकू. माझ्याकडे वेळच वेळ आहे. कधीतरी एक लागेलच की नाही?"

फ्राउकेने पुढे होऊन त्याचा हात धरला. घट्ट धरला, दुखेल इतका.

"मामा," ती म्हणाली, "आता माझ्यासाठी काही करू नकोस."

तो तिच्याकडे बघत राहिला. आधी त्याला कळलं नाही. मग कळलं. फ्राउकेला ते त्याच्या चेहऱ्यावर चढताना दिसलं, आणि आपण जिन्यातूनच परत फिरायला हवं होतं असं तिला वाटलं.

"बरं," एवाल्डमामा म्हणाला, आणि पोस्टकार्डं एकेक करून, कडा नीट जुळवून, परत खणात ठेवू लागला.