जिभेवरची लवंग

वैद्य सर पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या हातावर एक लवंग ठेवत. ती जिभेवर ठेवून वाचायचं. मनातल्या मनात शब्द उच्चारला तरी जीभ हलते, आणि जीभ हलली की लवंग झोंबते. माझं तोंड पहिल्याच उताऱ्याला पेटलं. सर हसले. "तोंड जेवायला दिलंय गं, वाचायला डोळे आहेत. शब्द काय चघळत बसतेस? अख्खी ओळ उचल!"

अंबरनाथच्या एका कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले सर बदलापूरला, हेंद्रेपाड्यात आमच्याच गल्लीत राहत. बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना भरभर वाचायला शिकवत, तेही फुकट. स्वतः चहा निवायच्या आत वर्तमानपत्र संपवत आणि काकूंना विचारत, "आणखी काही आहे का?" थोडी फुशारकी होतीच, पण त्यांना ती शोभायची.

मला पास होणं भाग होतं. अण्णांची कंपनी बंद पडली होती. "या खेपेला नाय झालं तर आनंदनगरच्या कारखान्यात पॅकिंगला लाग. काय करनार पोरी?" अण्णा म्हणाले, तेही माझ्याकडे न बघता. आधीच्या खेपेला लांबलचक उताऱ्यांपायी माझा निम्मा पेपर राहिला होता. सरांच्या लवंगेने या वेळी पुरा झाला.

निकाल वर्तमानपत्रात आला. आकड्यांनी गच्च भरलेलं पान. सरांनी त्यावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "नाहीये गं तुझा नंबर." सरांनी वाचलं म्हणजे ब्रह्मवाक्य. मी स्वतः बघितलंसुद्धा नाही. घरी येऊन पोटभर रडले.

भर दुपारी सर आमच्या दारात उभे. पायात चप्पल नाही, हातात तेच पान. अण्णा गडबडून उठले. "सर, बसा ना."

सर बसले नाहीत. "चुकलं माझं. घाईत अख्खी ओळ गाळली मी. मनाला पटेना, म्हणून पहिलीतल्या पोरासारखा बोट ठेवून, एकेक आकडा मोठ्यानं वाचत गेलो. ही पास आहे. नापास मी झालो."

शेजारच्या बायका दारात जमल्या होत्या. त्या सगळ्यांदेखत सर हे बोलले. मला ते तेव्हा जेवढे मोठे वाटले, तेवढे आधी कधी वाटले नव्हते.

त्यांनी पान माझ्यापुढे धरलं. "माझ्यावर विसंबू नकोस आता. आपल्या डोळ्यांनी बघ. आणि मोठ्यानं वाच, आत आईला ऐकू जाऊ दे."

मी माझा नंबर वाचायला लागले. मधेच आवाज फुटेना, तेव्हा उरलेले आकडे सरांनी वाचले.