जुन्या काडतुसाचा हलका दणका

पुडीबाईंना हे नाव औषधाच्या दुकानाने दिले. गोळ्या चंदेरी वेष्टनात बंद होऊन येण्याआधीच्या काळात डॉक्टरची चिठ्ठी वाचायची, चूर्णे तोलायची आणि एकसारख्या पुड्या बांधायच्या, हे त्यांचे काम होते. पुढे कारखान्यांनी ते काम काढून घेतले. बाई गल्ल्यामागे उभ्या राहून नुसती खोकी विकू लागल्या, मग निवृत्त झाल्या. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच, आणि हाताची सवयही. चहाची पूड घालतानासुद्धा त्या चमच्याला टिचकी मारून वरचा उंचवटा सपाट करीत, मगच ती पाण्यात सोडीत.

या सवयीला निवृत्तीनंतर एक वेगळाच धंदा सापडला होता. मागच्या खोलीत खिडकीशी एक अरुंद टेबल होते. त्यावर दुकानातून निरोपादाखल मिळालेला जुना तराजू होता, आणि तिथे बसून त्या यजमानांच्या रविवारसाठी काडतुसे भरीत.

यजमान कुलूपवाले. चौकातल्या टपरीवजा दुकानात दिवसभर किल्ल्या घासायच्या आणि रविवारी सकाळी गावाबाहेरच्या चांदमारीच्या मैदानावर जाऊन कागदी निशाणांवर नेमबाजी करायची, हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. बंदूक पुडीबाईंच्या वडिलांची. म्हाताऱ्याने ती मुलाला न देता जावयाला दिली होती, आणि मुलगा, म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ, ही गोष्ट विसरला नव्हता. "बाबांनी जावयाला बंदूक दिली आणि मला सल्ला," असे तो येता-जाता म्हणे. त्यात राग नसे, पण संधी मिळाली आणि म्हटले नाही, असेही कधी होत नसे.

त्या बंदुकीचे काडतूस आता बाजारात सहजी मिळत नसे. म्हणून झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या जपून ठेवायच्या, पुसायच्या, तळाशी ठिणगी पाडणारी नवी टिकली बसवायची, आत दारू तोलून घालायची आणि तोंडाशी शिशाची जाड गोळी दाबून बसवायची. हे काम आरंभी कुलूपवाल्यांनीच करून पाहिले. पण लोखंडावर केसाएवढी खाच अचूक पाडणाऱ्या त्या हाताला भुकटीशी जमवून घेता येईना. निम्मी तराजूत पडे, निम्मी विजारीवर. "तुम्ही उठा बघू," बाई म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून टेबल त्यांचे झाले.

दोन हिवाळ्यांमागे कुलूपवाल्यांचा उजवा खांदा धरला. डॉक्टरने चित्रे काढून समजावले आणि शेवटी म्हटले, "बंदुकीचा दणका आता या सांध्याला नको."

"तो विषय सोडा. दुसरं काय ते बोला," कुलूपवाले म्हणाले.

डॉक्टरने हात अडकवायला दिलेल्या गळपट्टीत त्यांनी दुकानातल्या बेवारशी किल्ल्या टांगल्या. या माणसाला आजारपण चालत असे. आजाऱ्यासारखी वागणूक चालत नसे. दुखण्याच्या गोळीचे दोन तुकडे करून दिले तरी त्यांचा अपमान होई. "लहान मूल आहे का मी?" म्हणत ते अख्खी गिळत. एक महिना खांद्याने खरोखरच घरी बसवले, तेव्हा त्यांनी घरातले प्रत्येक कुलूप उघडून, तेलपाणी करून परत बसवले. न्हाणीघराची कडी तेवढी बाहेरच्या बाजूने लागली, आणि शेजारीण धावून येईपर्यंत पुडीबाईंना आत अडकून राहावे लागले.

त्यानंतर पहिल्याच रविवारी कुलूपवाले पुन्हा मैदानावर गेले. घरी आले तेव्हा बूट काढायला त्यांना भिंतीचा आधार लागला. बाईंनी ते पाहिले. दुसऱ्या दिवशी त्या टेबलाशी बसल्या, तराजूच्या पारड्यातून दारूचे थोडे दाणे उचलले आणि डब्यात परत टाकले.

पुढच्या महिन्यात आणखी थोडे. दारू बनवणाऱ्यांनी जी खालची मर्यादा छापलेली असते तिच्याखाली त्या कधीच गेल्या नाहीत. मर्यादा ओलांडणे हा प्रकार त्यांच्या धंद्यात बसत नव्हता. पण मर्यादेच्या आत जितके उतरता येईल तितके त्या हळूहळू उतरल्या, जशी एखाद्या रोग्याची मात्रा उतरवत आणावी. दणका हलका होत गेला. गोळीचा वेगही कमी झाला, आणि अर्थातच गोळी निशाणावर खाली लागू लागली.

कुलूपवाल्यांच्या ते लक्षात आले. कारण मात्र आले नाही. आधी त्यांनी चष्म्याला दोष दिला, मग हवेला, मग नळीला. "नळीपण म्हातारी झाली गं माझ्यासारखी," असे म्हणून ते बंदुकीवरची मागची सरकपट्टी एकेक खाच वर सरकवीत. ही पट्टी चढवली की नेमही चढतो. त्या पट्टीवर सासऱ्यांनी चाकूच्या टोकाने एक बारीक रेघ ओढून ठेवली होती: या मैदानासाठी पट्टी इथे. पट्टी त्या रेघेपासून वर वर जात राहिली, आणि बाई ते पाहत राहिल्या. प्रत्येक वेळी सांगावेसे वाटे. पण सांगितले की हा माणूस बंदूक भिंतीला लावील आणि पुन्हा तिला हात लावणार नाही, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

अशा सुखाच्या संसारात एका शनिवारी दुपारी धाकटा भाऊ नवी बंदूक घेऊन आला.

हा भाऊ मोटार शिकवण्याच्या शाळेत शिक्षक. उभे आयुष्य शिकाऊंच्या शेजारी बसून ब्रेकवर पाय ठेवण्यात गेलेले. त्याचा सूड म्हणूनच की काय, त्याला वेगाचा भारी सोस. त्याने खिशातून जबर दारूचे मॅग्नम काडतूस काढले आणि जेवणाच्या टेबलावर उभे केले. कुलूपवाल्यांनी आपले जुने काडतूस आणून त्याच्या शेजारी ठेवले.

खरोखर दोन वेगळ्या पिढ्याच शेजारी उभ्या राहिल्या. जुने काडतूस उंच, वरती निमुळते होत जाणारे, बुडाशी टोपीसारखा काठ असलेले, आणि गोळीचे नाक गोल, एखाद्या सुखवस्तू गृहस्थासारखे. नवे जाडजूड, खांद्यात भरलेले, बुडाजवळ पितळेचाच कंबरपट्टा आवळलेले. गोळी सुईसारखी टोकदार.

"भावजी, तुमची गोळी निशाणावर पोचेपर्यंत माझा चहा पिऊन होईल," भाऊ म्हणाला.

"प्या की. तुमची गोळी निशाण सोडून कुठवर गेली, ते शोधायला तुम्हाला मोटार लागेल."

"अहो, हिचा वेग बघाल तर—"

"वेगानं काय करायचंय, मेहुणे? कागदी निशाण पळून जात नाही." कुलूपवाले खुर्चीत रेलले. "आणि दणका? तुमच्या या पहिलवानाचा दणका गाढवाच्या लाथेसारखा. माझं काडतूस म्हणजे कुणी मित्रानं खांद्यावर हात ठेवावा. जुन्या लोकांना अक्कल होती."

भाऊ हसता हसता थांबला. "हात ठेवल्यासारखा? बाबा झाडायचे तेव्हा तर टोपी उडायची त्यांची."

"टोपी सैल असेल."

"थांबा, उद्या मोजूच." त्याने पिशवीतून एक डबी काढली. नळीपुढे ठेवली की गोळीचा वेग आकड्यात दाखवणारे ते यंत्र होते. "बाबांच्या जुन्या खोक्यावर तुमच्या काडतुसाचा वेग छापलेला आहे. माझ्याही खोक्यावर आहे. कोण शब्दाला जागतं ते कळेल."

"कळू दे," कुलूपवाले खुशीत म्हणाले. "तुमच्या ताईनं भरलेली आहेत. दाणा इकडचा तिकडे व्हायचा नाही."

पुडीबाई उठून कपबशा विसळायला गेल्या.

भाऊ गेल्यावर आणि यजमान दुकानात परतल्यावर त्या मागच्या खोलीत येऊन बसल्या. उपाय सोपा होता. उद्यापुरती काडतुसे पूर्ण मापाने भरायची, यंत्र खोक्यावरचा आकडा दाखवील, यजमान जिंकतील, आणि सगळे झाकून जाईल. त्यांनी पुंगळी घेतली, पारड्यात दारू ओतली. काटा जुन्या खुणेवर येऊन थांबला. मग त्यांना भिंतीचा आधार घेऊन बूट काढणारा माणूस दिसला. त्यांनी पारडे उचलले, दारू डब्यात रिकामी केली आणि झाकण घट्ट लावले.

"उद्या मीपण येते," संध्याकाळी त्या म्हणाल्या.

"अरे वा! बघायला की पंच म्हणून?"

"चहा घेऊन."

मैदानावर सकाळचे ऊन मऊ होते. दूरच्या मातीच्या बांधापुढे निशाणे लावून झाली. भावाने आधी झाडली. कानावर आवरण असूनही पुडीबाई दचकल्या. चाप ओढण्याआधी भावाचे डोळे दर वेळी मिटत होते. त्याची भोके निशाणभर पसरली होती. यंत्रावरचा आकडा मात्र देखणा होता, खोक्यावरच्या आकड्याला खेटून. "बघा," म्हणून त्याने ऐटीत खांदा चोळला.

कुलूपवाले बसले. पट्टी आपल्या नेहमीच्या वरच्या खाचेवर चढवली, श्वास अर्धा सोडला, चाप ओढला. आवाज जाड आणि गोल आला. भावाने यंत्रात डोकावले. मग खोक्याकडे पाहिले. मग यंत्र हलवले.

"परत झाडा बरं."

त्यांनी परत झाडली. पुन्हा झाडली. आकडे एकमेकांना धरून होते. खोक्यावरच्या आकड्याच्या मात्र कितीतरी खाली.

"भावजी, हे आजोबा फारच दमले की! यंत्र बिघडलंय बहुतेक."

"तुमच्या वेळी नाही बिघडलं ते," कुलूपवाले म्हणाले. त्यांनी पुंगळी हातात फिरवली. तिसरा आकडा पहिल्यासारखाच होता, म्हणजे तोलणाऱ्याचा हात चुकलेला नव्हता. त्यांची नजर वर चढलेल्या सरकपट्टीकडे गेली, तिथून खालच्या चाकूच्या रेघेकडे, आणि तिथून चहाचा थर्मास मांडीवर घेऊन बसलेल्या बायकोकडे.

"मीच कमी भरते," पुडीबाई म्हणाल्या. "तुमचा खांदा धरला तेव्हापासून."

ब्रेक लावण्यात मुरलेल्या भावाने या वेळी स्वतःच्या जिभेला लावला.

कुलूपवाल्यांनी पुंगळी खिशात घातली. मग उठले. "मेहुणे, आणा तुमची इकडे."

"अहो, नको," बाई म्हणाल्या.

"एकच."

मॅग्नम कडाडली. कुलूपवाल्यांनी बंदूक खाली ठेवली ती डाव्या हाताने. उजवा हात काही क्षण त्यांच्या ताब्यात नव्हता. डोळ्यांत आलेले पाणी पुसायलाही डावाच हात वर गेला.

"गाढवच आहे," ते म्हणाले. "काल म्हणालो त्यात चूक नव्हती माझी."

मग बाईंनी ओतलेला चहा त्यांनी डाव्या हाताने घेतला. परतीच्या वाटेवर मोटारीत भावाने तीनदा हवेविषयी काहीतरी म्हणून पाहिले.

दुपारी मागच्या खोलीतून कानस चालल्याचा आवाज येऊ लागला. पुडीबाईंनी हातातले काम टाकले. बंदूक उघडून, तेल लावून, कायमची बांधून ठेवण्याचीच ही तयारी असणार. त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. बंदूक लोखंडी शेगड्याच्या जबड्यात आवळून धरलेली होती, आणि कुलूपवाले नळीच्या टोकावरच्या माशीवर, म्हणजे नेम धरण्याच्या त्या पुढच्या खुंटीवर, किल्ली घासावी तशी हलक्या हाताने कानस फिरवीत होते. मागची पट्टी त्यांनी खाली, सासऱ्यांच्या रेघेवर आणून ठेवली होती.

पुडीबाईंना कळायला क्षणभर लागला. माशी बुटकी केली की गोळी वर लागते. मग पट्टी चढवावी लागत नाही. ते बंदूकच बाईंच्या मापाला लावून घेत होते.

"अहो, हे घासलेलं परत वाढत नाही," त्या म्हणाल्या.

"किल्ल्या घासण्यात आयुष्य गेलं माझं. मला सांगतेस?"

"आणि मग पूर्ण मापाची काडतुसं—"

"कोण झाडणारे ती? तुझा भाऊ? त्याला आहे की त्याचा पहिलवान." त्यांनी लोखंडाचा कीस फुंकून उडवला आणि डोळा बारीक करून नळीवरून पाहिले. मग मान वळवली. "एक मात्र ऐक. पुढं कधी आणखी कमी करावंसं वाटलं, तर आधी मला सांगायचं. मी नळीला शिव्या घालत बसलो, बिचारीला. अजून थोडं लोखंड शिल्लक आहे इथं."

"सांगेन," पुडीबाई म्हणाल्या, आणि पुढच्या रविवारच्या पुंगळ्या पुसायला त्यांच्या शेजारी येऊन बसल्या.