कमलची गोंडी

नागपूरच्या डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि पेनाच्या टोकाने एक पांढुरका ठिपका दाखवला. "ग्लायोमा," ते म्हणाले. ग्लायोमा म्हणजे मेंदूच्याच आधार देणाऱ्या पेशींतून वाढलेली गाठ. आकार चार सेंटीमीटर. जागा डाव्या बाजूला, जिथून बोलणं चालतं त्या भागाच्या अगदी लगत.

मी ऊर्जानगरच्या वीज केंद्रात नियंत्रण कक्षात काम करतो. काट्यांवर नजर ठेवायची सवय. मी विचारलं, बरं होण्याची शक्यता किती टक्के? डॉक्टर म्हणाले, "आकडा सांगेन, पण तो सगळ्यांचा मिळून असेल. तुमच्या बायकोचा नसेल."

कमल, माझी बायको, वसाहतीतल्या बालवाडीत शिकवायची. पहिलं लक्षण तिथेच दिसलं. मुलांना चित्रांची कार्डं दाखवताना छत्रीचं चित्र हातात धरून ती उभीच राहिली. शब्द येईना. मुलं ओरडली, "बाई, छत्री!" ती हसली. घरी येऊन म्हणाली, "आज पोट्ट्यायनं मले शिकवलं." पुढच्या आठवड्यात वर्गातच तिला फिट आली.

नागपूरहून आम्हाला मुंबईला पाठवलं. तिथे फंक्शनल एमआरआय झाला. यात रोग्याला मशीनमध्ये झोपवून मनातल्या मनात शब्द म्हणायला लावतात. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथे रक्त जास्त जातं आणि चित्रात ती जागा रंगीत दिसते. असा मेंदूचा नकाशा तयार होतो. पण हा नकाशा अंदाजाचा, हे तिथल्या सर्जननी आधीच सांगितलं. खरी खात्री ऑपरेशनमध्ये, रोगी जागा असताना. मेंदूला स्वतःला दुखत नाही. एकेका जागी हलका करंट लावायचा आणि चित्र दाखवून नाव विचारायचं. नाव अडलं तर ती जागा कापायची नाही. त्या काळी असं ऑपरेशन थोड्याच ठिकाणी व्हायचं.

सर्जननी कमलला विचारलं, "घरी कोणती भाषा बोलता?"

"मराठी. अन् माहेरी गोंडी."

कमल कुरखेड्याकडच्या गोंड कुटुंबातली, मी बौद्ध. आमच्या लग्नाला दोन्हीकडून विरोध होता. तिच्या आईला गोंडीशिवाय भाषा येत नाही. मला गोंडी येत नाही. आम्हा दोघांच्या मधे कायम कमलच बोलायची.

यावर सर्जननी जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो. दोन भाषांच्या जागा मेंदूत पुष्कळशा एकच असतात, पण काही वेगळ्याही निघतात. मराठी तपासली म्हणून गोंडी सुरक्षित आहे असं समजता येत नाही. गोंडी तपासायला ती जाणणारा माणूस शेजारी हवा. तिचा भाऊ लालसू सोबत होता, त्याला आत घ्यायला ते तयार झाले. "पण जागं ठेवून फार वेळ घेता येत नाही, पेशंट थकतो. आधी कोणती भाषा, ते ठरवावं लागेल. दुसरी वेळ उरला तर."

मी तोंड उघडणार तोच ते म्हणाले, "नवऱ्यानं नाही, भावानंही नाही. मी यांना एकटीला विचारणार." आम्हाला बाहेर बसवलं.

कमल बाहेर आली ती सरळ लालसूजवळ गेली. "मराठी आधी सांगतली. प्रज्ञाची दहावी हाय."

प्रज्ञा आमची मुलगी. लालसू खाली मान घालून म्हणाला, "अन् यायोसंग कशी बोलशील?" यायो म्हणजे आई.

"यायो बोलते, मी आयकते. लहानपणापासून तेच चालू हाय न भाऊ!"

तो हसला नाही. ती मात्र हसली.

ऑपरेशनमध्ये मराठीची तपासणी नीट झाली. लालसू हिरवा गाऊन घालून तिच्या उशाशी बसला, पहिलं चित्र हातात घेतलं आणि तिला फिट आली. करंटने असं होऊ शकतं, हेही आधी सांगितलेलं होतं. मेंदूवर थंडगार सलाईन ओतून फिट थांबवली, पण पुढे ती उत्तरं देण्याच्या अवस्थेत राहिली नाही. मराठीच्या खुणा सांभाळून गाठ जेवढी निघाली तेवढी काढली.

शुद्धीवर आल्यावर ती मला म्हणाली, "चहा प्याले का तुमी?" मी बाहेर जाऊन रडलो.

आम्ही घरी आल्यावर तिची आई बसने आली, फडक्यात मोहफुलं बांधून. लेकीच्या टक्कल केलेल्या डोक्यावरून हात फिरवत गोंडीत खूप वेळ बोलली. कमलला सगळं समजत होतं, मान हलत होती. बोलायला तोंड उघडलं आणि निघालं मराठी. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा मराठी. आईचा चेहरा उतरला. तिला वाटलं, वसाहतीत राहून लेकीला लाज वाटायला लागली. लालसूने समजावलं तेव्हा ती माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाली.

लालसू माझ्याकडे न बघता म्हणाला, "यायो म्हन्ते, डाक्टरनं पोरीची गोंडी काहाडून कुठी ठेवली? जावयाले म्हना, मागून आना."

मी खिडकीशी ऑपरेशननंतरची फिल्म धरून कमलच्या आईला गाठ काढलेल्या जागेची काळी पोकळी दाखवली. तिने त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

प्रज्ञाची दहावी झाली. निकाल कमलने मोठ्याने वाचला. पावसाळ्यानंतर गाठ परत वाढली आणि मराठीही गेली. शेवटी शेवटी ती फक्त बघायची. मला काय बोलावं कळेना. मी गोळ्यांच्या वेळा सांगायचो. तिची आई मात्र शेजारी बसून रोज गोंडीत बोलायची. थोडं बोलून थांबायची, परत बोलायची. वयामुळे दम लागतो, असं मला वाटायचं.

कमल हिवाळ्यात गेली.

ज्यांच्या घरी ही वेळ येईल त्यांना एवढंच सांगतो. रोग्याच्या लहानपणीची भाषा डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा, आणि ती बोलणारं माणूस सोबत न्या. निवड करायची झाली तर रोग्यालाच करू द्या. त्या सर्जननी तिला एकटीला विचारलं, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. तिचा निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. मशीन मेंदूतली जागा दाखवतं. त्या जागेवर कोणाचा हक्क, ते त्यात दिसत नाही.

आता मी सासूबाईंकडे जातो तेव्हा बालवाडीची चित्रं नेतो. त्या नाव सांगतात, मी म्हणतो, त्या पदर तोंडाला लावून हसतात. पाण्याला येर. मागच्या खेपेला लालसूकडून विचारून घेतलं, त्या दिवसांत तुम्ही तिच्याशी रोज काय बोलत होता?

त्यांनी सांगितलं, लालसूने मराठी केलं. "काई नाई. धान कसा झाला, बकरी कवा व्याली, कोनाच्या घरी पोरगं झालं. यायो म्हन्ते, मी इचारो अन् थांबो. तिले बोलाले जागा पायजे न."