चंद्र सव्वासातला

बहिणीने आईला आणि मला सिंगापूरला बोलावलं आणि पुण्याहून थेट विमानाची तिकिटं पाठवली. अंतर चार हजार किलोमीटरला थोडं कमी, प्रवास पाचेक तासांचा. आईला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. तिने बिबवेवाडीच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर बघितलं आणि मलाच खडसावलं, "त्या दिवशी संकष्टी आहे. चंद्रोदय नऊ वीसला. तुम्हा मुलींना तिकीट काढताना एवढंही बघता येत नाही?"

तिकीट बदलणार नाही, असं मीही तितक्याच रागाने सांगितलं. मग आई पर्समध्ये मोदकांचा डबा घेऊन, उपाशीपोटी, विमानात डाव्या खिडकीशी तोंड फुगवून बसली.

दुपारी निघालो होतो. बाहेर अंधार पडला आणि थोड्या वेळाने तिने माझा दंड गच्च धरला. "अगं, तो बघ!" ढगांच्या वर तांबूस चंद्र आला होता. तिच्या मनगटावरच्या घड्याळात, म्हणजे पुण्यात, अजून सव्वासातच वाजले होते.

"आपण पूर्वेला चाललोय ना, तिकडे तो आधी उगवतो," मी म्हणाले.

तिने हात जोडले, डबा उघडला आणि शेजारच्या अनोळखी गृहस्थांनाही मोदक दिला. पुढचा सगळा प्रवास ती हसत होती.

वर्षभराने भावाने दुबईला बोलावलं. प्रवास जेमतेम साडेतीन तासांचा. आईने आधी कॅलेंडर उलगडलं आणि मग फोनवर त्याला बजावलं, "संकष्टी सोडून कधीचंही तिकीट काढ. तुझ्याकडे चंद्र उशिरा उगवतो."